पॅकेट नेमकं कुठे हरवतंय?

स्पीड टेस्ट शंभर एमबीपीएस दाखवते, यूट्यूब अडखळत नाही, मोठी फाइलही झटकन उतरते. तरी ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुमचा आवाज मधूनच चिरकतो, समोरच्याचे दोन शब्द गायब होतात, मुलाच्या गेममधला खेळाडू एका जागेवरून अचानक दुसरीकडे उडी मारतो. अशा वेळी बहुतेक घरांत एक तर प्लॅन वाढवला जातो, नाही तर नवा राउटर येतो. पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते, कारण इथे वेग कमी पडलेलाच नसतो. पाठवलेल्या माहितीचा काही भाग वाटेत हरवत असतो. नेटवाले याला पॅकेट लॉस म्हणतात. तो घालवायचा तर आधी एकाच प्रश्नाचं उत्तर हवं: पॅकेट हरवतंय कुठे? घरात, घरापासून नेट कंपनीच्या पहिल्या यंत्रापर्यंतच्या तारेत, की त्याच्याही पलीकडे? हे उत्तर हातात येईपर्यंत काही बदलू नका आणि काही विकत आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पीड टेस्ट इथे उपयोगी का पडत नाही, ते आधी पाहू. इंटरनेटवरची प्रत्येक गोष्ट साधारण १५०० बाइटपर्यंतच्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेट्समध्ये, जाते. फाइल उतरवताना टीसीपी नावाची पद्धत या तुकड्यांना क्रमांक देते, पोहोच मागते आणि एखादा आला नाही तर पुन्हा मागवून घेते. त्यामुळे फाइल शेवटी पूर्ण येते, थोडा उशीर झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय बहुतेक स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात; एक मंदावली तर बाकीच्या ती भरून काढतात. व्हिडिओ कॉलला ही चैन परवडत नाही. कॉलमधला आवाज बहुधा वीस-वीस मिलीसेकंदांचे तुकडे करून जातो, म्हणजे सेकंदाला पन्नास पॅकेट्स. त्यातलं एक हरवलं आणि ते पुन्हा मागवायला गेलो, तर ते येईपर्यंत बोलणं पुढे सरकलेलं असतं. म्हणून कॉलचा आवाज बहुतेक वेळा यूडीपी नावाच्या पद्धतीने जातो. तिथे हरवलं ते हरवलं.

एखाद-दुसरं सुटं पॅकेट गेलं तर कॉलचं सॉफ्टवेअर आजूबाजूच्या आवाजावरून ती फट बुजवतं आणि कानाला काही कळत नाही. ओळीने पाच गेली की शंभर मिलीसेकंदांची शांतता होते, एक अक्षर गळतं. ओळीने पंचवीस गेली की अर्धं वाक्य जातं. म्हणून किती टक्के हरवलं याच्या जोडीला ते विखरून हरवतंय की झुबक्याने, हेही पाहायला हवं.

डाउनलोडलाही याची झळ बसते, पण उशिराने आणि वेगळ्या रूपात. मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेलं टीसीपीचं एक गणित आहे. त्यानुसार जाऊन-येऊन ५० मिलीसेकंद लागणाऱ्या वाटेवर १ टक्का पॅकेट्स हरवली, तर जुन्या पद्धतीच्या टीसीपीची एक जोडणी जेमतेम ३ एमबीपीएसच्या आसपास अडकते, मग प्लॅन शंभरचा असो की पाचशेचा. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतच्या २५० मिलीसेकंदांच्या वाटेवर हाच आकडा अर्ध्या एमबीपीएसपर्यंत घसरतो. टीसीपीचे नवे प्रकार एवढे हळवे नाहीत, तरी एक टक्का म्हणजे किरकोळ, असं समजू नये.

आता तपासणी. हत्यार एकच आणि ते प्रत्येक संगणकात आधीपासून आहे: पिंग. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत, नेटवर्क विचित्र वागत होतं तेव्हा, हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आपल्यालाही तो तशाच कामासाठी हवा आहे. पिंग एका पत्त्यावर लहानसं पॅकेट पाठवतो, उत्तराची वाट पाहतो, किती वेळ लागला ते लिहितो आणि शेवटी किती पाठवली, किती परत आली याचा हिशेब देतो.

आपल्याला तीन पत्ते लागतील. पहिला तुमच्या राउटरचा. विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन सीएमडी टाइप केलं की काळी खिडकी उघडते. तिच्यात आयपीकॉन्फिग टाइप करा आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीसमोरचा आकडा टिपून घ्या. बहुधा तो १९२.१६८ने सुरू होतो. तिसरा पत्ता दूरचा आणि भरवशाचा, जसा १.१.१.१ किंवा ८.८.८.८. दुसरा पत्ता सर्वांत महत्त्वाचा, कारण तो तुमच्या कंपनीच्या पहिल्या यंत्राचा. तो काढायला त्याच खिडकीत ट्रेसर्ट लिहून पुढे १.१.१.१ द्या. ओळीने पत्त्यांची यादी येईल. पहिली ओळ तुमचाच राउटर. त्यानंतर घराबाहेरचा जो पहिला पत्ता दिसेल तो कंपनीचा. पुष्कळदा तो १० किंवा १०० या आकड्याने सुरू होतो. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल, तर दुसरी ओळही १९२.१६८ची असू शकते. मग तिसरी घ्या. एखाद्या ओळीत नुसते तारे दिसले, तर ते यंत्र उत्तर देत नाही एवढाच त्याचा अर्थ. पुढची ओळ घ्या.

आता तीन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा आणि तिन्ही पत्त्यांवर एकाच वेळी पिंग सुरू करा. विंडोजमध्ये पिंग या शब्दानंतर वजा-चिन्ह आणि एन, मग १०००, मग पत्ता. मॅक आणि लिनक्सवर एनच्या जागी सी. सेकंदाला एक या हिशेबाने हजार पिंग व्हायला सतरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ द्याच. नेहमीचे चार पिंग पाहून काहीच कळत नाही, आणि शंभरही पुरत नाहीत: खरोखर १ टक्का पॅकेट्स हरवत असली तरी शंभर पिंगमध्ये एकही न हरवण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे तीनपैकी एका वेळी तुम्हाला ‘लाइन स्वच्छ आहे’ असा खोटा निर्वाळा मिळेल. ही तपासणी दोन वेळा करावी, एकदा सकाळी निवांत आणि एकदा नेमक्या त्रासाच्या वेळी. तो रात्री आठ ते अकरा असेल तर तेव्हा, पाऊस सुरू झाल्यावर असेल तर पावसात.

धरून चालू की तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, फायबरचा डबा हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या मागे आहे आणि कामाचं टेबल आतल्या खोलीत. राउटरवरच हजारातली चाळीस पॅकेट्स हरवली आणि इतर दोन खिडक्यांतही साधारण तेवढीच, तर हरवणं घरातच आहे. जवळ जे हरवतं ते पुढच्या प्रत्येक खिडकीत दिसणारच, त्यामुळे दूरचे आकडे पाहून कंपनीला फोन लावण्यात अर्थ नाही. राउटरवर शून्य, कंपनीच्या पहिल्या यंत्रावर बावीस आणि दूरच्या पत्त्यावर तेवीस, तर दोष तुमच्या भिंतीपासून कंपनीच्या यंत्रापर्यंतच्या टप्प्यात. पहिल्या दोन्ही खिडक्या स्वच्छ आणि फक्त तिसरीत तीस, तर तो कंपनीच्या आतल्या किंवा पलीकडच्या जाळ्यात. एवढं कळलं की निम्मं काम झालं. पुढे सगळं या एका उत्तरावर ठरतं.

घरातली गळती

राउटरच्याच खिडकीत पॅकेट्स हरवत असतील, तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून तीच चाचणी पुन्हा करा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो. असा एक घरात असावा. केबलवर आकडा शून्यावर आला तर दोष वायफायचा.

वायफायच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हवेत पॅकेट हरवलं तर राउटर आणि लॅपटॉप ते आपसांतच पुन्हा-पुन्हा पाठवून पाहतात. त्यामुळे पिंगच्या हिशेबात हरवलेलं पॅकेट कदाचित दिसणारच नाही. दिसतील ते वेडेवाकडे आकडे: २, ३, १८०, ४, २५०. सरासरी बरी येते, टक्केवारी शून्य येते आणि कॉल तरी तुटतो, कारण अडीचशे मिलीसेकंद उशिरा आलेला आवाजाचा तुकडा कॉलच्या दृष्टीने बहुधा वायाच गेलेला असतो. म्हणून राउटरच्या खिडकीत शेवटच्या टक्केवारीवर न थांबता मधले आकडे वर-खाली किती होतात तेही पाहा. चांगल्या वायफायवर ते एक-आकडी किंवा त्याच्या जवळपास राहतात.

कारण बहुतेक वेळा जागेचं असतं. डबा बसवणारा माणूस तार जिथे आत येते तिथे तो ठोकून जातो आणि मग घर त्याच्याभोवती भरत जातं: टीव्ही, लोखंडी कपाट, आरसा लावलेला वॉर्डरोब, आरसीसीची भिंत. आरशामागचा धातूचा थर आणि भिंतीतल्या सळया लहरी अडवतात. मोबाइलवर वायफायची ताकद आकड्यात दाखवणारं एखादं ॲप घ्या आणि कामाच्या टेबलावर मोजा. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून बरं, म्हणजे उणे ६०, ५५ असं, असेल तर कॉलसाठी ठीक. उणे ७५ असेल तर राउटर हलवल्याशिवाय काही होणार नाही.

दुसरं कारण शेजार. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीत एका जागी उभं राहिलं की वीस-तीस राउटर दिसतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी करा आणि कामाचा लॅपटॉप फक्त ५वर ठेवा. पाच भिंतीत लवकर विरतो, पण खोलीतल्या खोलीत बराच मोकळा असतो. रिपीटर घ्यायला मी सुचवणार नाही. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, म्हणजे हवेतली गर्दी तो वाढवतो. कामाच्या टेबलापर्यंत स्कर्टिंगच्या कडेने पंधरा मीटरची लॅन केबल ओढणं हा दिसायला साधा, पण सर्वांत पक्का उपाय आहे. ज्याचं पोट घरून कामावर चालतं त्याने तरी तो करावाच.

केबलवरही पॅकेट्स हरवत असतील, तर आधी केबल बदला, मग राउटरचं भोक बदला, मग राउटरचा अडॅप्टर पाहा. संगणकात लिंक स्पीड एक गिगाबिटच्या जागी १०० एमबीपीएस दिसत असेल आणि दोन्ही टोकांची यंत्रं गिगाबिटची असतील, तर केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असण्याची शक्यता मोठी.

तारेला दोष देण्याआधी

दुसऱ्या खिडकीत पॅकेट्स हरवत असली तरी लगेच फोन उचलू नका. घरातलंच कोणी लाइन भरून टाकत नाही ना, ते पाहा. मोबाइलवरचे फोटो रात्री आपोआप क्लाउडवर चढत असतात, दाराबाहेरचा सीसीटीव्ही कॅमेरा दिवसभर चित्रण वर पाठवत असतो. अपलोडचा वेग कमी असलेल्या प्लॅनवर असे दोन-तीन कॅमेरे लाइन तुडुंब भरायला पुरतात. जास्तीची पॅकेट्स राउटरच्या मेमरीत रांग लावून थांबतात, रांग भरली की नवी टाकून दिली जातात. रांग लांब तेवढा उशीरही वाढतो. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या प्रश्नाकडे जगाचं लक्ष वेधलं. याला बफरब्लोट म्हणतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. घरातली बाकी सगळी उपकरणं वायफायवरून काढा, एकट्या लॅपटॉपवर कंपनीच्या पहिल्या यंत्राला पिंग चालू ठेवा आणि एक मोठी फाइल अपलोडला लावा. पाच मिलीसेकंदांचे आकडे तीनशेवर गेले, पॅकेट्स गळायला लागली आणि अपलोड थांबवताच सगळं शांत झालं, तर तारेत दोष नाही. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असं काही सेटिंग असेल तर ते चालू करा आणि मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. म्हणजे रांग तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते आणि तो कॉलची पॅकेट्स अडकू देत नाही. तसं सेटिंग नसेल तर फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतर लावा, कॅमेऱ्याचं चित्रण त्याच्या मेमरी कार्डवर घ्या.

काचेची तार

घर शांत असतानाही दुसऱ्या खिडकीत पॅकेट्स हरवत असतील, तर आता खरोखर तारेकडे वळायचं. हल्ली शहरांत आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी घरात फायबर येतो. खांबावरून किंवा डक्टमधून आलेला एक बारीक धागा घरातल्या डब्यात, म्हणजे ओएनटीत, शिरतो. त्याआधी कुठल्यातरी पेटीत स्प्लिटर असतो, जो एका फायबरचा प्रकाश आठ, सोळा किंवा बत्तीस घरांत वाटतो. तुमच्या घरी किती प्रकाश पोहोचतोय, हे त्या डब्यालाच माहीत असतं. राउटरचं पान उघडून ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ अशा नावाखाली आरएक्स पॉवर शोधा. लाइनमनच्या बोलण्यात ‘पॉवर माइनस एकवीस येतेय’ असं जे ऐकू येतं ते हेच.

हा आकडा नीट वाचायला शिकलात तर कंपनीशी बोलताना तुमचं पारडं जड होतं. सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी-प्लस वर्गाच्या जीपॉन या फायबर पद्धतीत घरातल्या डब्याला उणे ८ ते उणे २७ डीबीएम या दरम्यान प्रकाश हवा. उणे २७ म्हणजे अगदी कड. उणे २५च्या पुढे गेलेली लाइन मी धोक्याची धरतो. दर ३ डीबी घटीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे जोडणी दिली तेव्हा उणे १९ होतं आणि आज उणे २६ आहे, तर तेव्हाच्या एक-पंचमांशच प्रकाश उरला आहे. तांबडा एलओएस दिवा मात्र अजून पेटलेला नसतो. तो प्रकाश जवळपास गेल्यावरच पेटतो. त्याआधीच्या कडेच्या पट्ट्यात डबा जोडलेला राहतो, नेट चालतं, पण बिट चुकत जातात आणि पॅकेट्स टाकून द्यावी लागतात. ‘दिवा हिरवा आहे म्हणजे लाइन ठीक आहे’ हे ग्राहक सेवेचं वाक्य म्हणूनच स्वीकारू नये. नवी जोडणी घेतली असेल तर त्याच दिवशी हा आकडा लिहून, शक्यतो त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक तक्रारीत तो कामी येईल.

प्रकाश कमी होण्याची घरातली कारणं डोळ्यांना दिसतात. टीव्ही युनिट भिंतीला सरकवलं की मागची पिवळी किंवा पांढरी पॅचकॉर्ड चेपते. खिडकीच्या चौकटीत तार काटकोनात दुमडलेली असते. जास्तीची तार गुंडाळून झिप टायने करकचून आवळलेली असते. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण चालत नाही, म्हणजे काचेच्या बांगडीएवढ्या गोलापेक्षा लहान वळण देऊ नका. नवे फायबर याहून घट्ट वळण सोसतात, पण तुमच्या घरी कोणता आहे ते बाहेरून ओळखता येईलच असं नाही. वळण सैल करा आणि पान ताजं करून आकडा पुन्हा वाचा. लगेच एक-दोन डीबी सुधारताना दिसू शकतो.

जोडाला मात्र हात लावू नका. हिरव्या टोपीच्या कनेक्टरची काच आठ अंशात तिरकी घासलेली असते, निळ्याची सरळ. एकाची दुसऱ्याशी गाठ घातली तर प्रकाश वाया जातो. काचेच्या टोकावर बसलेला धुळीचा कण किंवा बोटाचा तेलकटपणाही पुरेसा असतो. शर्टाने पुसलं तर तो आणखी पसरतो. आणि उघड्या टोकात कधीही डोकावून पाहू नका: त्यातला प्रकाश अदृश्य असतो, दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नका. हे काम लाइनमनचं आहे, त्याच्याकडे सफाईचं पेन असतं.

घराबाहेरची कारणं तुम्हाला दिसली नाहीत तरी त्यांची वेळ कळू शकते. पावसात बिघडतं आणि ऊन पडलं की सुधारतं, तर जोडाच्या पेटीत पाणी शिरतंय किंवा झाडाची फांदी ओली होऊन तारेवर वजन टाकतेय. रस्ता खोदल्यानंतर सुरू झालं, तर घाईत मारलेला जोड पाहायला हवा. बाकी उंदीर, खारी आणि इमारतीच्या पेटीचं दार बंद करताना त्यात चेंगरलेले धागे आहेतच. एक कारण दुर्मिळ, पण चकवणारं आहे. पॉवर उत्तम असूनही त्याच स्प्लिटरवरच्या दुसऱ्या घरातला बिघडलेला डबा चुकीच्या वेळी प्रकाश सोडत राहतो आणि सगळ्यांच्या अपलोडचा विचका करतो. शेजाऱ्यांनाही त्याच वेळी त्रास होतोय का, हे विचारून ठेवावं ते यासाठी.

अजून बऱ्याच सोसायट्यांत फायबर गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या स्विचपर्यंतच येतो आणि तिथून खिडकीतून लॅन केबल घरात उतरते. तिथे आधी संशय घ्यायचा तो उन्हापावसात उघड्या पडलेल्या केबलचा, गंजलेल्या कनेक्टरचा आणि स्विचच्या वीजपुरवठ्याचा. लॅन केबल शंभर मीटरपर्यंतच चालते. उंच इमारतीत वळसे घेत आलेली केबल ही मर्यादा ओलांडू शकते.

दूरची गळती आणि एक नेहमीचा गैरसमज

पहिल्या दोन खिडक्या स्वच्छ आणि तिसरी गळकी असेल, तर वाट उलगडून पाहायला एमटीआर वापरा. विंडोजवर त्याचं विनएमटीआर मिळतं, आणि विंडोजमध्ये आधीपासून असलेलं पाथपिंगही चालतं. ते वाटेतल्या प्रत्येक यंत्राला पुन्हा-पुन्हा विचारून प्रत्येकासमोर हरवण्याची टक्केवारी लिहितं.

इथे बहुतेक जण फसतात. तिसऱ्या ओळीसमोर ४० टक्के दिसतात आणि लोक त्याचा फोटो काढून कंपनीला पाठवतात. पण चौथ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत शून्य असेल, तर त्या तिसऱ्या यंत्रात काहीही हरवत नाही. त्याचं काम पॅकेट्स पुढे ढकलण्याचं. स्वतःला आलेल्या अशा चौकशांना उत्तर देणं हे त्याच्या लेखी शेवटचं काम, आणि त्यावर त्याने मुद्दाम मर्यादा घातलेली असते. खरी गळती एका ओळीत सुरू होते आणि शेवटच्या ओळीपर्यंत टिकते. शेवटच्या ओळीत नसलेली गळती तक्रारीत घालू नका. जाणकार अभियंता ती पाहताच बाकीचा अर्जही बाजूला ठेवतो. शिवाय परतीची वाट वेगळी असू शकते आणि एमटीआरला ती दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या टोकाकडूनही तुमच्या दिशेने एमटीआर करून घ्या.

दूरची गळती रोज रात्री आठला सुरू होऊन अकराला संपत असेल, तर कंपनीचा वरचा रस्ता अपुरा पडतोय. यावर तुमच्या घरात उपाय नाही. तक्रार करणं किंवा कंपनी बदलणं एवढंच हातात आहे. फक्त एकाच गेमच्या किंवा ऑफिसच्या व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंत होत असेल, तर दोष त्या टोकाचाही असू शकतो. परदेशातल्या मुलाशी बोलताना आवाज तुटतो आणि इथे सगळं स्वच्छ आहे, तर त्याला त्याच्या घरी याच तीन खिडक्या उघडायला सांगा.

तक्रार अशी करा

‘नेट स्लो आहे’ असं म्हणू नका. तसं म्हणालात की समोरून स्पीड टेस्ट करायला सांगतील आणि ती चांगली आली की तक्रार बंद. सांगायचं ते असं: लॅपटॉप केबलने जोडलेला आहे, राउटरपर्यंत हजारात शून्य, तुमच्या पहिल्या यंत्रापर्यंत हजारात बावीस, रात्री साडेनऊची वेळ, आरएक्स पॉवर उणे २६, जोडणीच्या दिवशी उणे १९ होती. राउटर बंद-चालू करायला सांगतील, ते एकदा करा. डबा पूर्ण रीसेट मात्र करू नका. त्याने लॉगिनचं नाव, पासवर्ड आणि इतर सेटिंग पुसली जातात आणि लाइनमन येईपर्यंत उरलंसुरलं नेटही जातं. ओएलटीच्या बाजूला, म्हणजे कंपनीच्या टोकाला, तुमचा प्रकाश किती पोहोचतोय हे आवर्जून विचारा. कॉल करताना तुमचा आवाज त्याच दिशेने जातो, आणि तो आकडा फक्त त्यांनाच दिसतो.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६च्या ब्रॉडबँड सेवा-दर्जाच्या नियमांत तारेवरच्या ब्रॉडबँडसाठी पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत असावा असा निकष घातला होता. दोन टक्क्यांची तक्रार म्हणजे ग्राहकाचा हट्ट नव्हे, एवढं त्यावरून ठामपणे म्हणता येतं. डॉकेट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत जाता येतं. २०१२च्या तक्रार निवारण नियमांनुसार त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. गल्लीतला केबलवाला बहुधा मोठ्या कंपनीचा भागीदार असतो. बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्याकडे लेखी तक्रार करा.

लाइनमन येईल, जोड साफ करेल किंवा नवा मारेल आणि जाताना तक्रार बंद करायला ओटीपी मागेल. तो देण्याआधी त्याच्यासमोर पान उघडून पॉवर पाहा आणि कंपनीच्या पहिल्या यंत्राला पाच मिनिटं पिंग चालवा. पाच मिनिटांचा आकडा स्वच्छ आला तरी त्याला सांगून ठेवा की पूर्ण हजार पिंग आज रात्री साडेनऊला होतील, आणि त्याचा मोबाइल नंबर घ्या.